मुकीसाठी बेचाळीस दिवस

अपील फेटाळलं गेल्याचं वकिलाने फोनवरच सांगितलं. चावीवाला तेव्हा एका बाईच्या कपाटाच्या चावीचे दात कानशीने घासत होता. फोन कान आणि खांद्यात दाबून धरत त्याने सगळं ऐकलं, "बरं" म्हणाला, आणि मग विचारलं, "म्हणजे आता?"

"आता हजर व्हायचं, काका. सहा आठवड्यांची मुदत मिळालीय. बेचाळीस दिवस."

"आणि शिक्षा?"

"दोन वर्षं. ती काही कमी झाली नाही."

त्याने फोन ठेवला, चावीवरचा पितळेचा भुगा फुंकून उडवला, चावी बाईच्या हातात दिली आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणाला, "लागली नाही तर कधीही परत आणा." बाई गेल्यावर त्याला आपलंच वाक्य ऐकू आलं. कधीही म्हणजे बेचाळीस दिवसांच्या आत. मग तो टेबलाखाली वाकला. तिथे लाकडी खोक्यात, गोणपाटावर, अंगाचं मुटकुळं करून मुकी बसली होती आणि नेहमीसारखी त्याच्या बुटांकडे बघत होती. स्वतःचं काय होणार हे त्याच्या डोक्यात नंतर आलं. आधी आलं ते हिचं काय होणार, हे.

त्याचा गुन्हा एवढाच होता की त्याने एकदा एका अनोळखी माणसाचं खरं मानलं. नऊ वर्षांपूर्वी भरदुपारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस टपरीवर आला. हातात बॅग, कानाला फोन, चेहऱ्यावर वैताग. बायको माहेरी गेली आणि किल्ली तिच्याच पर्समध्ये राहिली, म्हणाला. चावीवाला हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्याबरोबर गेला. दारावरच्या पाटीवरचं नाव त्या माणसाने न बघता सांगितलं. वर "चपला बाहेरच काढा हं, आमची ही फार कटकट करते," असंही म्हणाला. चार मिनिटांत कुलूप उघडलं. संध्याकाळपर्यंत घर धुऊन नेलेलं होतं. चोर हातावर तुरी देऊन गेला तो गेलाच, आणि कुलपावर बोटांचे ठसे राहिले ते याचे. इतक्या जुन्या कारागिराला संशय आला नाही हे पटत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. दोन साक्षीदार असल्याशिवाय तो कुणाच्या कुलपाला हात लावत नसे. दीड वर्षापूर्वी एका घरमालकाने बोलावलं, तेव्हाही त्याने आधी शेजारच्या दोघांना दारात उभं केलं. भाडेकरू न सांगता निघून गेला होता. बाहेरचं कुलूप सहज निघालं. आत न्हाणीघराच्या दाराला बाहेरून कडी होती आणि ती कडी त्यानेच सरकवली. फरशीवर, गळक्या नळाखाली, कुत्री होती. हाडांचा सापळा, गळ्यात दोरीचा करकोचा. दार उघडलं तरी ती भुंकली नाही की गुरगुरली नाही. कोपऱ्यात इतकी दबली की जणू भिंतीतच शिरायचंय. घरमालक म्हणाला, "अरे देवा, हे कुठलं लचांड!" आणि नाक दाबून बाहेर गेला. चावीवाला मात्र तिथेच उकिडवा बसला. दोन तास बसला.

दोन महिने तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, म्हणून ती मुकी.

मुकीचं जग एका माणसाचं होतं. त्याने दिलं तर खाणार, तो चालला तर चालणार. मध्यंतरी त्याला ताप भरून तीन दिवस दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा तिने पाण्यालासुद्धा तोंड लावलं नाही आणि स्वतःचा पुढचा पाय चावून चावून रक्तबंबाळ केला. त्याच्या बायकोने ताटली पुढे सरकवली तर तिने पलंगाखालून दात दाखवले. बायको कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होती, सकाळी आठला जायची ती सहाला यायची. मूलबाळ नव्हतं. दीड वर्ष एका खोलीत राहून या दोघींनी एकमेकींना स्पर्श केलेला नव्हता. बायको तिला "तुमची दुसरी" म्हणायची. "तुमची दुसरी दारात आडवी पडलीय, तिला उठवा, मला पाणी भरायचंय."

तीन दिवसांत ती गत, तर दोन वर्षांत काय? चावीवाला त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि सगळं खरं सांगून मोकळा झाला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "शिकते," त्या म्हणाल्या. "पण कुत्र्याला ओढून माणसाकडे नेता येत नाही. नव्या माणसाने तिच्याकडे पाठ करून बसायचं. डोळ्यांत बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, लाडाचं बोलायचं नाही. मागे खाऊ टाकायचा आणि गप्प बसायचं. पाऊल तिने टाकायचं."

"किती दिवस लागतील?"

"वर्षभर धरा."

"माझ्याकडे बेचाळीस आहेत."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग रोज नवी माणसं आणा," एवढंच त्या म्हणाल्या.

नव्या माणसांची वाण त्याला कधी नव्हती. चावी करायला दहा मिनिटं लागतात आणि त्या दहा मिनिटांत गिऱ्हाइकाला जांभया देण्यापलीकडे उद्योग नसतो. त्याने स्टूल टेबलाकडे पाठ होईल असं ठेवलं, उकडलेल्या अंड्याचे तुकडे डब्यात भरले, आणि येईल त्याला विनवू लागला. "जरा पाठ करून बसता का? हा तुकडा मागे टाका. नाही, बघू नका. काही करत नाही ती, तीच तुम्हाला घाबरते." काही जण हसले, काहींनी खांदे उडवले, पण पहिल्या आठवड्यात तीसेक माणसं बसली. मुकी खोक्याच्या पार मागच्या फळीला चिकटलेली. अंडी तशीच पडून त्यांना मुंग्या लागत.

दुसऱ्या आठवड्यात निकालाची बातमी गल्लीभर झाली. गिऱ्हाइकं आटली. चोराला दार उघडून देणाऱ्याच्या हातात आपल्या घराची किल्ली कोण देणार? लोक समोरच्या फुटपाथने जाऊ लागले. ज्यांच्या तीन-तीन पिढ्यांच्या कुलपांना याने तेल घातलं, त्यांनाही अचानक फोन यायला लागले आणि ते बोलत बोलत पुढे सटकू लागले. स्वतःची लाज त्याने गिळली असती. पण प्रत्येक माणूस गेला की मुकीची दहा मिनिटं गेली, एवढंच त्याला दिसायचं.

पलीकडच्या बँकेतला कारकून तेवढा येत राहिला. सोमवारी आला, बुधवारी आला, गुरुवारी आला. दर वेळी तीच चावी.

"साहेब, तुमच्या कपाटाला दारं किती हो?" चावीवाल्याने विचारलं.

"एकच," कारकून पाठ करून बसत म्हणाला. "पण मला इथे बसायला काही कारण नको का?"

चावीवाल्याने मान खाली घातली आणि कानस चालवली. त्या दिवशी मुकीने खोक्याबाहेर नाक काढलं. कारकुनाच्या टाचेजवळचा तुकडा उचलला आणि पुन्हा आत. अठरावा दिवस होता. ते बघण्याच्या नादात चावीवाल्याने ती चावी बिघडवली.

घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि वळली.

"अहो, एक विचारू? सतरा-अठरा दिवस झाले. कुत्री नीट जेवेल का, कुत्री नीट झोपेल का. माझं काय होणार हे एकदा तरी विचारलंत?"

"अगं, तू माणूस आहेस. तुला सांगता येतं. तिला..."

"मला सांगता येतं? कोणाला सांगू? कारखान्यात बायका मी आले की गप्प होतात. सांगते कोणाला मी?"

तो म्हणाला, "मी अनोळखी माणसावर विश्वास ठेवला म्हणून आत चाललोय. आणि हिला शिकवतोय काय, तर अनोळखी माणसावर विश्वास ठेव. मलाच कळेनासं झालंय मी काय करतोय."

बायकोने नळ पुन्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपरीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. चावीवाल्याने तिला लगेच ओळखलं. कोर्टात नऊ वर्षं समोरच्या बाकावर बसलेली. चोरी झालेलं घर तिचं होतं.

"माझ्या आईची आठवण म्हणून जे काय होतं ते त्या कपाटात होतं," ती म्हणाली. आवाज शांत होता. "मला वाटलं, निकालानंतर तरी तुमच्या तोंडावर काही दिसेल. आणि तुम्ही इथे कुत्र्याला अंडी भरवताय."

नऊ वर्षं वकिलाने त्याला एक शब्द बोलू दिला नव्हता. माफी मागितली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, म्हणून. आता राखायला काही उरलं नव्हतं. तो उठून उभा राहिला.

"ताई, दार मीच उघडलं. मला माहीत नव्हतं, पण उघडलं मीच. मला माफ करा."

बाईचा तोल त्या शब्दांनीच गेला. "आता? आता म्हणताय?" असं ओरडून तिने चाव्यांच्या फळीवर हात मारला. शेकडो कोऱ्या चाव्यांची फळी खिळ्यावरून निसटली आणि पत्र्यावर कोसळली. आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. खोक्यातून एक तपकिरी रेघ निघाली, गळ्यातला पट्टा टेबलाच्या पायाला तसाच लटकत राहिला, आणि मुकी दोन रिक्षांच्या मधून दिसेनाशी झाली.

"मला दिसलं नाही हो खाली कोणी आहे," बाई म्हणाली. पण चावीवाला तोवर चाव्या तुडवत रस्त्यावर धावला होता.

दोन दिवस तो धावतच होता. गटारांत वाकून बघितलं, उभ्या ट्रकांखाली सरपटला, बांधकामांवर हाका मारल्या. हाका मारू नका, तिला तुमची घाई कळते, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, पण त्याच्या तोंडातून दुसरं काही निघेचना. पन्नाशी उलटलेला माणूस रस्त्यात उभा राहून "मुके, मुके" म्हणत रडतोय, हे लोकांनी बघितलं. काहींनी हेही म्हटलं की ढोंगी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड धुवायला घरी आला, तर बायको कामावर गेलेली नव्हती. पलंगावर बसून ती चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होती. पलंगाखाली मुकी होती.

तो पलंगाखाली वाकला. "कुठे सापडली?"

"सापडली कसली. मी शोधायला गेलेच नव्हते. कामावर निघाले तर खाली पाण्याच्या पंपाच्या खोलीपाशी चप्पल तुटली. बसले पायरीवर. इतका संताप आला होता, तुमचा, तिचा, त्या मेल्या चपलेचा, की उठावंसंच वाटेना. तिथेच बसून राहिले. किती वेळ कोण जाणे. मागून काहीतरी गार लागलं. बघते तर ही चपलेचा वास घेतेय."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं, घे, तुलाच घाल. आणि चप्पल हातात घेऊन अनवाणी घरी आले. ती मागून आली."

पुढचे दोन-तीन दिवस त्याने तिला टपरीवर न्यायचा प्रयत्न केला, पण मुकी उंबऱ्यालाच चारी पाय रोवून थरथरायची. जे अठरा दिवसांत कमावलं ते पाण्यात गेलं होतं. माणूस घरात आला, अगदी कारकून आला तरी, ती चावीवाल्याच्या पायांमागे जाऊन लपायची. हे बायकोच्या नजरेतून सुटलं नाही. एका सकाळी ती म्हणाली, "एक सांगते, रागावू नका. तुम्ही घरात असलात की ती काही शिकत नाही. तुमच्या मागे लपायला जागा असते तिला. एकोणीस दिवसांनी तुम्ही नसणारच आहात. आतापासूनच नसल्यासारखे राहा."

ते त्याला लागलं. पण खोटं त्यात काही नव्हतं.

मग रोज सकाळी तो एकटा टपरीवर जाऊन बसू लागला. गिऱ्हाईक नाही, खोक्यात कुत्री नाही. खाली पडलेल्या चाव्या पुन्हा जुळवून लावायचा, कानशी पुसायचा, संध्याकाळची वाट बघायचा. माणसं शिक्षेआधीचे दिवस घरच्यांना बिलगून काढतात. याने ते टिनाच्या डब्यात, रस्त्याकडे बघत काढले. बायकोने कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली होती. दिवसा ती दार उघडं टाकून उंबऱ्यात बटणं लावत बसायची आणि जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला, कपाळावर आठ्या घालूनच, म्हणायची, "दोन मिनिटं बसा. तिच्याकडे बघू नका. माझ्याकडेही नाही बघितलंत तरी चालेल."

संध्याकाळी तो विचारायचा, "आज कोण?"

"दूधवाला. कारकून. वरची म्हातारी."

"घेतलं का तिने काही?"

"नाही."

एकतिसावा दिवस, नाही. पस्तिसावा, नाही. अडतिसाव्या दिवशी तिने बायकोच्या हातून भाकर घेतली, दुसऱ्या कुणाच्या नाही. चाळिसाव्यालाही फक्त बायकोच्याच. बेचाळिसावा उजाडला.

"मी येते फाटकापर्यंत," बायको म्हणाली.

"नको. तू थांब. कोणीतरी तिच्याजवळ..."

"लग्नाला एकतीस वर्षं झाली. आणि तुम्हाला तुरुंगात सोडायला मी यायचं नाही. का, तर कुत्री एकटी पडेल."

त्याने टपरीच्या चाव्यांचा जुडगा तिच्या हातावर ठेवला. तिने मूठ मिटली. मुकीला त्याने हात लावला नाही. मोठा निरोप घेऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. रोज टपरीवर जातो तसा तो निघाला. जिना उतरला, कोपऱ्यावर आला, आणि मागून त्याला आवाज आला. लांबलचक, वरवर चढत जाणारा. मुकीला इतकं ओरडता येतं हे त्याला माहीतच नव्हतं. तो थांबला नाही. थांबला असता तर गेलाच नसता.

आत महिन्याला एक भेट. मधे जाळी, दहा मिनिटं, शेजारी दुसऱ्यांचं रडणं. पहिल्या भेटीला बायको म्हणाली, "छान आहे मुकी. खाते, फिरते. माणसांत मिसळायला लागलीय." म्हणता म्हणता बाही वर सरकली आणि मनगटावरची पट्टी त्याला दिसली. पिवळं औषध झिरपलेलं. तिने बाही ओढून घेतली. त्याने विचारलं नाही. महिनाभर ती पट्टी त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही. दुसऱ्या भेटीलाही "छान आहे." तिसऱ्या भेटीला तो जाळीला धरून म्हणाला, "माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुझ्याशिवाय मला बाहेरचं कोण सांगणार? तूच खोटं सांगितलंस तर माझ्याकडे काय राहिलं?"

ती उठली आणि वेळ संपायच्या आधीच गेली. चौथ्या महिन्यात आलीच नाही.

पाचव्या महिन्यात आली. घामाघूम, केस विस्कटलेले, पदराला चिखल. बसायच्या आधीच म्हणाली, "आणलंय तिला."

"कुठे?"

"फाटकाबाहेर. बसने नाही, चालत. पहाटे निघाले. दोनदा बसकण मारली तिने, एकदा नाल्यात उतरली."

"बाहेर एकटी बांधून आलीस? अगं, ती पट्टा तोडेल!"

"एकटी नाही. एका बाईच्या हातात दोरी दिलीय."

"कोण बाई?"

"रांगेतली. नाव नाही विचारलं."

"अनोळखी बाईकडे? ती सुटली तर? गाड्यांचा रस्ता आहे बाहेर!"

"मग काय करू? तिला घेऊन आत येऊ?" बायकोचा आवाज चिरकला. "तुम्हाला खरं हवं होतं ना? दोन महिने ती मला चावत होती. तिसऱ्यात बंद झाली. त्यापुढचं काही मलाही माहीत नाही. म्हणून आणलंय. बघू, राहते का."

"तू जा," तो म्हणाला. "आत्ता जा. उठ."

ती उठली. दहातली चारच मिनिटं झाली होती. एकमेकांची तब्येत विचारायची राहून गेली.

बराकीकडे परत नेताना त्याने बरोबरच्या शिपायाला मुकीचं विचारलं, तर शिपायाने नुसतं ढकललं. दुपारी जेवणाच्या रांगेत फाटकावरची पाळी संपवून दुसरा शिपाई आला. चावीवाला रांग सोडून त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. रांग सोडल्याबद्दल काठी बसते हे त्याला ठाऊक होतं.

"साहेब, बाहेर एक कुत्री होती का? तपकिरी? पुढच्या पायावर केस नाहीत?"

शिपायाने त्याला खालीवर न्याहाळलं. "तुझी होय ती? सकाळपासून फाटकापाशी रांगेत उभी. एका म्हातारीच्या हातात दोरी होती."

"म्हातारीने नीट धरली होती?"

"म्हातारीला स्वतःलाच धरवत नाही नीट. तिचा मुलगा आत आहे, रडत होती ती. दोरी नुसती बोटांत लोंबत होती."

"मग? पळाली?"

"पळाली असती तर मी सांगितलं नसतं का?"

"भुंकली? चावली कुणाला? शेपूट कशी होती, साहेब? पायात होती का?"

"शेपट्या बघायला बसवलंय का मला तिथे?" शिपाई खेकसला. मग दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. "पायातच होती. लटलट कापत होती सारखी. पण तुझी बायको येईपर्यंत त्या म्हातारीच्या चपलेपाशी उभी होती. आता जा रांगेत."

हे खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. हा शिपाई त्याच्या ना ओळखीचा, ना पाळखीचा. चावीवाल्याने हात जोडले आणि थाळी घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.